बॅटरीतलं पाणी

गाडी कुठं बंद पडावी हे माणसाच्या हातात नसतं, हे खरं. पण शिवप्रसादच्या पिवळ्या मिनीबसनं त्या दिवशी जी जागा निवडली, ती काही वाईट नव्हती. उद्यमनगरच्या गल्लीत, ‘शिवगंगा बॅटरीज’च्या ऐन दारात ती जी उभी राहिली ती राहिलीच. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’ वाजायचं. मागं रिक्षा तटल्या, लेथवरची माणसं हात पुसत बाहेर आली आणि कोल्हापूरच ते, प्रत्येकानं आपापला सल्ला मोठ्या आवाजात देऊन टाकला.

दुकानात तेव्हा दानेश्वरी एकटीच होती. घरची माणसं तिला दानू म्हणत. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झाल्यापासून वडिलांबरोबर दुकान तीच बघायची. दिवाळी होऊन गेली तरी दारावरचा आकाशकंदील उतरवायचा राहिला होता, म्हणून ती स्टुलावर चढली होती. एकदम उजेड गेला. तिनं वळून पाहिलं, तर समोर बसची खिडकी आणि खिडकीत एक ओशाळलेला चेहरा... हातभर अंतरावर. चांगला होता चेहरा. दाढी दोन दिवसांची, डोळे मात्र झोप झाल्यासारखे निवांत.

“पावणं,” दानू म्हणाली, “गाडी हलवताय, का आम्हीच दुकान हलवू?”

तो हसला आणि म्हणाला, “दुकानच हलवा. गाडी काय ऐकत न्हाय.”

दानू खाली उतरली, वायरी घेऊन आली, बॅटरीचं झाकण काढलं आणि बघतच राहिली. गाडीच्या बॅटरीवरून एक वायर सरळ आत गेलेली, आत इन्व्हर्टर, इन्व्हर्टरवर एक छोटा घरगुती फ्रिज. हे सगळं रात्रभर चालू होतं, असं त्यानं प्रामाणिकपणे कबूल केलं. दानू पायरीवरच बसली. गाडी सुरू करायची बॅटरी एक दणका द्यायला असते, रात्रभर ओझं धरून उभं राहायला नसते, हे तिनं त्याला शाळेतल्या बाईंसारखं समजावून सांगितलं. तोही शाळेतल्यासारखाच ऐकत होता. फक्त त्याचं लक्ष बॅटरीपेक्षा बाईंकडं जास्त होतं, आणि हे दानूला न बघताही कळत होतं.

शिवप्रसाद कुरुंदवाडचा, गुरांचा डॉक्टर. हंगाम सुरू झाला की बिद्रीच्या बाजूला ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्यांच्या गाड्यांचे बैल फडातून कारखान्यावर आणि कारखान्यावरून फडात असे खपत असतात. बैल आजारी पडला तर टोळीवाल्यानं काम सोडून दवाखान्यात जायचं कसं? म्हणून एका संस्थेनं शाळेची जुनी मिनीबस डॉक्टरांना दिली होती. बसच्या आत एक बाकडं झोपायला, एक शेगडी, औषधांची फळी. त्यानं तिला कॅम्पर केलं होतं, आणि मार्चपर्यंत तो तिच्यातच राहणार होता. एका तळावर बस लागली की एक रात्र आणि एक दिवस तिथून हलायची नाही. तेवढा वेळ फ्रिज चालू राहिलाच पाहिजे, कारण फ्रिजमध्ये लस.

“फ्रिज बंद पडला की लस मरती,” त्यानं सांगितलं. “आणि मेलेली लस नि जिती लस दिसायला सारखीच असती. मी टोचणार, बैलवाला विश्वास ठेवणार, आणि बैल मात्र जाणार.”

दानूनं त्या वेळी वायरी गुंडाळून ठेवल्या. पण हे वाक्य तिच्या मनात राहिलं.

संध्याकाळी भीमाप्पा, म्हणजे दानूचे अप्पा, दुकानात आले आणि फ्रिजसाठी वेगळी बॅटरी कुठली घ्यायची यावर लगेच वाद सुरू झाला. अप्पांचं म्हणणं, ट्युब्युलर घ्या, ॲसिडची. दणकट, उभी, पाणी घातलं की वर्षानुवर्षं चालणारी. दानू म्हणाली, जिथं माणूस झोपणार तिथं ॲसिडची बॅटरी नको. चार्ज होताना वास मारती, आणि फडाच्या वाटेवर गाडी हिंदकळली की पाणी सांडणार ते फळीवर. लिथियम घ्या. हलकी, चहूबाजूंनी बंद, वास नाही, आयुष्यात कधी पाणी घालावं लागत नाही. अप्पांना ते ‘पाणी लागत न्हाय’ कधीच पटलेलं नव्हतं. तहान न लागणाऱ्या जिवावर विश्वास कसा ठेवायचा, असं ते म्हणायचे. शेवटी लिथियम ठरली. पण एक पुरेल का दोन लागतील? कंपनीच्या कागदावरून एक पुरेल असं दिसत होतं. अप्पा म्हणाले, कागदावर तर सगळ्यांचंच बरं चाललेलं असतं.

दुकानाचा एक रिवाज होता. बोलण्यावर बॅटरी विकायची नाही. गिऱ्हाईकाला जे जे चालवायचं ते सगळं आणायचं, बॅटरीला जोडायचं आणि ती संपेपर्यंत बसायचं. अप्पा याला ‘संसार मांडून बघणं’ म्हणायचे. दुसरा रिवाज म्हणजे सोमवारी दुकान बंद. सोमवार हा महादेवाचा आणि घरच्या जेवणाचा वार. त्या दिवशी गिऱ्हाईक म्हणून देव जरी आला तरी अप्पा फोन उचलत नसत.

बसमध्ये बॅटरीसाठी लोखंडी चौकट बसवायची होती, म्हणून ती दुकानामागच्या अंगणात बदामाच्या झाडाखाली लागली. डॉक्टरही तिथंच राहिले. आणि मग त्यांना शंका येऊ लागल्या. सकाळी यायचे, पंखा चालेल का? दुपारी यायचे, लॅपटॉप चालेल का? एकदा तर शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्यासमोर, अगदी गंभीर तोंडानं...

“मिक्सर चालंल का?”

“एकट्या माणसाला मिक्सर कशाला?” दानूनं विचारलं.

“कायम एकटाच राहणार, असं कुठं म्हटलंय?”

फॅब्रिकेशनवाल्यानं वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढून घेतली. दानू गिऱ्हाईकाला उगाचच मोठ्यानं डिस्टिल्ड वॉटरचं कॅन देऊ लागली. गिऱ्हाईक फ्यूज न्यायला आलं होतं.

ते दिवस कसे गेले म्हणून सांगू! संध्याकाळी लेथ थांबले की गल्लीत कान भरून यावेत अशी शांतता पसरायची. शहराबाहेरची गुऱ्हाळं नुकतीच पेटली होती. वारा तिकडून आला की काकवीचा गोड वास अंगणात उतरायचा. बसच्या पायरीवर तो, अंगणातल्या रिकाम्या क्रेटवर ती, मध्ये चहा. तो बैलांच्या गोष्टी सांगायचा. अनोळखी डॉक्टर आला की बैल आधी हात हुंगतो, मग कान सोडतो, आणि कान सोडले की समजायचं, आता टोचून घेतो. दानू हसायची. मग तो गोष्ट अर्धी सोडून तिचा हसताना मागं गेलेला चेहरा बघत राहायचा. ती विचारायची, काय झालं? तो म्हणायचा, काय न्हाय... बॅटरीचा विचार करतोय. खोटारडा.

पण दानूला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, आणि ती रोज थोडी जास्त टोचत होती. संसार मांडून झाला, बॅटरी संपली, आकडा कळला की काम संपलं. टोळ्या उतरायला लागल्याच होत्या. मग बस बिद्रीच्या वाटेला लागणार आणि बॅटरीवाल्या पोरीकडं यायचं कारण त्याच्यापाशी उरणार नाही. हे त्याला सांगायचं कसं? तिला बोलता यायचं, भांडता यायचं, पण हे एवढं एक वाक्य काही तोंडातून निघत नव्हतं.

गुरुवारी पहाटेच संसार मांडला. फ्रिज लावला, आत लसीच्या जागी साध्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. पंखा, दिवे, लॅपटॉप, सगळं जोडलं. दानूनं दारावरून उतरवलेला आकाशकंदील आणला आणि तोही बसच्या छताला टांगून दिला. हा कशाला, असं त्यानं विचारल्यावर म्हणाली, असू द्या, तेवढाच भार. पिवळ्या कागदातून उजेड पडला आणि ती शाळेची जुनी बस एकदम कुणाचं तरी घर वाटायला लागली. बाकड्यावरची चादर, खिडकीतला आरसा, शेगडीवरचं पातेलं...

अप्पांच्या हिशोबानं बॅटरी दिवेलागणीला संपायला हवी होती. लिथियमचं एक असतं, शेवटपर्यंत मनातलं तोंडावर दाखवत नाही. काटा आहे तिथंच असतो आणि मग एकदम बसतो. म्हणून वाट बघत राहायचं, एवढंच हातात.

दुपारी डॉक्टर चहाला म्हणून कोपऱ्यावर गेले. दानू बसमध्ये एकटी उभी होती. पंखा फिरत होता. प्रत्येक फेऱ्याबरोबर संध्याकाळ जवळ येतेय असं तिला वाटलं आणि तिचा हात आपोआप बटणावर गेला. पंखा थांबला. मग दिवेही. गल्लीच्या तोंडाशी त्याची चाहूल लागली तसं तिनं सगळं पुन्हा चालू केलं आणि मीटरकडं अशी बघत राहिली, जशी काही सकाळपासून हललीच नाही. तो जेवायला गेला तेव्हाही तेच. फोनवर बोलायला झाडाखाली गेला तेव्हाही तेच. अशी लबाडी तिनं जन्मात केली नव्हती, आणि खरं सांगायचं तर करताना तिला फार गोड वाटत होतं.

दिवेलागण झाली. बॅटरी चालू. जेवणवेळ झाली, तरी चालू. अप्पांनी अंगणात येऊन एकदा बसकडं पाहिलं, एकदा दानूकडं, आणि आत गेले. घर दुकानाच्या मागंच होतं. अंथरुणावर पडल्यावर खिडकीतून तो पिवळा उजेड दिसत होता. दानू त्याच्याकडं बघून हसली, आणि तेव्हा कुठं तिला ते वाक्य आठवलं. मेलेली लस नि जिती लस दिसायला सारखीच.

सकाळपर्यंत बॅटरी अशीच चालली, तर तो म्हणणार, एक पुरते. एकच घेऊन जाणार. मग कुठल्या तरी फडाच्या कडेला फ्रिज गप्प होणार, आणि कुणा गरिबाचा बैल तिच्या त्या गोड लबाडीनं जाणार. रात्रभर तिचा डोळा लागला नाही.

सकाळी ती चहा घेऊन निघाली तर अप्पा आधीच बसच्या दारात उभे होते. आकाशकंदील जळतच होता.

“अजून चालतीया?” अप्पा म्हणाले. “दानव्वा, घागर जेवढी, पाणी तेवढंच निघायचं. ह्या घागरीतनं विहीर कशी काय निघाली गं?”

आणि उत्तराची वाट न बघता ते दुकान उघडायला गेले. दानू पायरी चढली. शिवप्रसाद बाकड्यावर बसला होता, त्याचीही झोप झालेली दिसत नव्हती.

“डॉक्टर, ही एकच बॅटरी घेऊन जाऊ नका,” ती म्हणाली.

“का? चांगली चालली की.”

“ती चालली न्हाय. मी चालवली.” तिनं चहा खाली ठेवला. “तुम्ही बाहेर गेला की मी पंखा बंद करत होते. दिवे बी. तुम्ही यायच्या आत परत चालू. कालचा सगळा आकडा खोटा हाय.”

तो तिच्याकडं बघत राहिला. “पण... कशाला?”

“बॅटरी संपली की तुम्ही जाणार, म्हणून.” आता निघालंच होतं तर निघू दे, असं होऊन ती म्हणाली, “मला तुम्ही जायला नको होतं. आता काय म्हणायचं ते म्हणा. पण लसीचं माझ्या हातनं वाईट व्हायला नको.”

बाहेर बदामाचं एक पान टपावर पडलं, तेवढं ऐकू आलं. दानूला वाटलं, संपलं. मग तो उठला, फ्रिजचं दार उघडलं, आतली एक बाटली काढली आणि तिच्या हातात दिली.

बाटली कोमट होती. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेली बाटली, आणि अंगणातल्या बादलीतल्या पाण्यासारखी कोमट! दानूनं ती दोन्ही हातांत धरली. पंखा तिचा. दिवे तिचे. फ्रिजला तर तिनं बोटसुद्धा लावलं नव्हतं.

“हे कुणी...”

“मी.” तो खाली बघत म्हणाला. “तुम्ही गिऱ्हाईक बघायला गेला की प्लग काढत होतो. रात्री तर घातलाच न्हाय. सकाळी सांगणार होतो, मग म्हटलं चहा होऊ दे. मग म्हटलं...”

“डॉक्टर हाय का कोण तुम्ही?” दानूचे डोळे भरले होते आणि तरी तिला हसू येत होतं. “लसीचा फ्रिज बंद करताय?”

“आत पाणीच होतं की. लस असती तर हात लावला नसता.” मग त्यानं मान वर केली. “मला तुम्ही आवडता, दानेश्वरी. मिक्सर विचारला तवापासनं न्हवं, त्याच्या आधीपासनं. तुम्ही स्टुलावर उभ्या होता तवापासनं.”

बाहेर कुणीतरी पहिला लेथ सुरू केला. दानू कोमट बाटली छातीशी धरून उभी राहिली. “मला बी,” ती म्हणाली, इतक्या हळू की एरवी गल्लीभर ऐकू जाणारी पोरगी हीच का असं वाटावं. पण त्याला ऐकू गेलं.

आता खरा आकडा काढणं भागच होतं. दोघांनी अप्पांपुढं उभं राहून सगळी लबाडी कबूल केली, म्हणजे बटणांची आणि प्लगची. तसं का केलं, ते अप्पांनी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. शुक्रवारचा दिवस बॅटरी भरण्यात गेला. शनिवारी पहाटे अप्पा वर्तमानपत्र, पानाचा डबा आणि शाल घेऊन स्वतः बसमध्ये जाऊन बसले. दोघांनाही पायरीच्या आत यायची बंदी. दिवसभर दानू दुकानात आणि डॉक्टर झाडाखाली. मध्ये अप्पा, वर्तमानपत्रातल्या कोड्यासकट. दिवेलागणीला, दानूच्या आईनं घरात दिवा लावला त्याच सुमाराला, बसमधला पिवळा उजेड पटकन गेला.

“संपली,” आतून अप्पांचा आवाज आला. “एक पुरत न्हाय.”

संस्थेनं फोनवरच दोन घ्यायला होकार दिला. रविवारी सकाळी बाकड्याखालच्या चौकटीत दोन्ही बॅटऱ्या शेजारी शेजारी बसल्या. दानू शेवटचे नट आवळत होती. नट आवळून झाले तरी ती आवळतच होती. मार्चपर्यंत म्हणजे किती हो लांब! फोन होते, सगळं होतं. पण फोनला काकवीचा वास येत नाही, आणि अप्पांपुढं ‘हे मला भेटायला येतील’ असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? शिवप्रसाद स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता, किल्ली काही फिरवत नव्हता.

अप्पा खिडकीपाशी आले. त्यांनी घसा साफ केला.

“डॉक्टर, एक ध्यानात ठेवा,” ते म्हणाले. “दर सोमवारी गाडी हिकडं आणायची. बॅटरीतलं पाणी बघायला.”

दानूच्या हातातला पाना थांबला. लिथियमचा डबा चहूबाजूंनी बंद. पाणी घालायला त्याला झाकणच नसतं, हे दुकानातल्या मांजरालाही माहीत होतं. आणि सोमवारी तर दुकानच बंद. उभ्या आयुष्यात अप्पांनी बॅटरीबद्दल गिऱ्हाईकाला एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं.

शिवप्रसादनं बाकड्याखालच्या त्या दोन बंद डब्यांकडं पाहिलं, मग दानूकडं. कालपर्यंत तो त्यांना मालक म्हणायचा.

“व्हय, अप्पा,” तो म्हणाला. “पाणी कमी पडू देत न्हाय.”

“जेवायच्या वक्ताला या,” अप्पा दुकानाकडं वळता वळता म्हणाले. “पाणी तवाच नीट दिसतंय.”

किल्ली फिरली. या खेपेला गाडी पहिल्या दणक्यात सुरू झाली. दानू गल्लीच्या तोंडापर्यंत बरोबर चालत गेली, आणि बस वळणावर पोचली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आकाशकंदील काढायचा राहिलाय. छताला टांगलेला, भर सकाळी पेटलेला. उगाच वीज जाळतोय, असं त्याला ओरडून सांगायचं तिच्या अगदी ओठावर आलं. पण ते तिनं सोमवारसाठी ठेवून दिलं.